धावणारा माणूस

निवडणुकीच्या हंगामात सौंसर किंवा पांढुर्ण्याच्या मैदानावर एखाद्या नेत्याचे हेलिकॉप्टर उतरणार असले, की तयारीचे काम आम्हा महसूलवाल्यांकडे येत असे. बांधकाम खात्याची माणसे जागा सपाट करीत, चुन्याने वर्तुळ आखून मध्ये इंग्रजी ‘एच’ काढीत. धूळ उडू नये म्हणून नगरपालिकेचा टँकर पाणी शिंपडून जाई. वाऱ्याची दिशा वैमानिकाला कळावी म्हणून कोपऱ्यात ओला पाला पेटवून धूर केला जाई. अग्निशामक गाडी, रुग्णवाहिका, बांबूचे कठडे, सारे यथासांग होई. तरीही आकाशात तो फडफडाट ऐकू आला, की कठड्यांचे काही खरे नसे. पोरे, बाया, म्हातारे, संत्र्याच्या बागेतले काम टाकून आलेले मजूर असे सारे त्या यंत्राच्या दिशेने धावत सुटत. नेत्यापेक्षा यंत्राचेच कौतुक अधिक! नोकरीच्या वर्षांत हे दृश्य मी इतक्यांदा पाहिले, की हेलिकॉप्टर म्हटले म्हणजे त्याच्याकडे धावणारी माणसे, हेच चित्र माझ्या मनात पक्के झाले होते.

निवृत्तीनंतर नागपुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात हाती लागलेल्या एका इंग्रजी पुस्तकाने ते चित्र पुसून टाकले. पुस्तक ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतील, युद्धाविषयीचे होते. आतल्या छायाचित्रातील हेलिकॉप्टर मला ओळखीचे वाटले, आणि ते ओळखीचेच होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने फ्रेंच परवान्यावर आपल्याकडे बनवलेले ‘चेतक’ ते हेच. त्याचे मूळ नाव ‘अलुएट’, म्हणजे चंडोल पक्षी. फ्रेंचांनी त्याला गाणाऱ्या पाखराचे नाव दिले आणि आपण राणा प्रतापांच्या घोड्याचे. ऱ्होडेशियाच्या सैन्याने मात्र त्याच्या बाजूच्या दारात वीस मिलिमीटरची तोफ बसवली होती. त्या पुस्तकातील माणसेही धावत होती. फक्त दिशा उलटी होती.

त्या युद्धाची हकीकत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. ऱ्होडेशिया ही ब्रिटिशांची वसाहत. १९३०च्या जमीनवाटप कायद्याने तेथील जवळजवळ निम्मी आणि अर्थातच चांगली जमीन गोऱ्या अल्पसंख्याकांसाठी राखून ठेवण्यात आली. १९६५च्या नोव्हेंबरात इयान स्मिथ यांच्या सरकारने ब्रिटनला न विचारता स्वातंत्र्य जाहीर केले. ते स्वातंत्र्य पावणेतीन लाखांपर्यंत पोचलेल्या गोऱ्यांचे होते. साठ लाखांच्या आसपास असलेल्या आफ्रिकी प्रजेचे नव्हे. पुढे जे गनिमी युद्ध पेटले त्यात एका बाजूस झांबियातून येणारे जोशुआ एन्कोमो यांचे बंडखोर होते आणि दुसऱ्या बाजूस मोझांबिकमधून येणारे, ज्यांचे नेतृत्व पुढे रॉबर्ट मुगाबे यांच्याकडे गेले. १९७५मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर ऱ्होडेशियाची सारी पूर्व सीमा उघडी पडली. सरकारपाशी सैनिक थोडे, हेलिकॉप्टरे मूठभर, आणि राखायचा मुलूख मात्र आपल्या मध्य प्रदेशाहूनही मोठा.

या अडचणीतून १९७४ साली ‘फायरफोर्स’ नावाची पद्धत जन्माला आली. उंच खडकाळ टेकडीवर दोन-चार सैनिक दुर्बीण आणि बिनतारी यंत्र घेऊन दिवसेंदिवस लपून बसत. खाली कोणत्या झोपडीत नेहमीपेक्षा अधिक अन्न शिजते, बायका डोक्यावर टोपल्या घेऊन कोणत्या झाडीकडे जातात आणि रिकाम्या परततात, याची ते नोंद ठेवीत. संशय पक्का झाला की संदेश जाई, तळावर भोंगा वाजे आणि काही मिनिटांत हेलिकॉप्टरे उडत. तोफवाल्या हेलिकॉप्टरला ‘के-कार’ म्हणत. त्यात मोहिमेचा अधिकारी बसे. ते सुमारे आठशे फुटांवरून डावीकडे घिरट्या घालीत राही. बाकीच्या हेलिकॉप्टरांतून चार-चार सैनिकांच्या तुकड्या, बंडखोर ज्या ओढ्याने किंवा ज्या वाटेने निसटण्याची शक्यता असेल, तेथे उतरवल्या जात. मग झाडीतून रांग धरून माणसे पुढे सरकत आणि आत सापडलेल्यांना त्या तुकड्यांच्या तोंडी नेत. पुढे जुन्या डाकोटा विमानांतून छत्रीधारी सैनिकही टाकले जाऊ लागले. लष्करी दृष्टीने ही पद्धत विलक्षण परिणामकारक ठरली. जगभरच्या लष्करी अभ्यासकांनी तिच्याविषयी लिहिले आहे आणि त्यातील बहुतेक लेखन कौतुकाचे आहे.

हे वाचीत असताना मला राहून राहून वाटत होते, की हे आपण कोठेतरी ऐकले आहे. मग ध्यानात आले. सातपुड्यातल्या शिकारीच्या गोष्टी! शिकारबंदीचा १९७२चा कायदा होण्यापूर्वीच्या हाक्याच्या हकीकती आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी रंगवून सांगत. मचाणावर साहेब बसलेला, दोन्ही बाजूंच्या झाडांवर वाघाने वाट सोडू नये म्हणून माणसे बसवलेली, आणि दुसऱ्या टोकाकडून ढोल-पत्रे वाजवीत येणारी हाकेवाल्यांची रांग. ऱ्होडेशियन सैन्याने वाटा अडवणाऱ्या तुकड्यांना जो इंग्रजी शब्द वापरला, तोच शब्द इंग्रज शिकारी झाडांवर बसवलेल्या माणसांसाठी वापरीत. तेथील एका कुप्रसिद्ध पथकाचे, सेलू स्काउट्सचे, नावच मुळी फ्रेडरिक सेलू या नामांकित शिकाऱ्यावरून ठेवले होते. शब्द उगाच उसने घेतले जात नाहीत. ज्या व्यवहाराची भाषा शिकारीची, त्यात समोरचा प्राणी कोण आहे हे अगोदरच ठरलेले असते.

या पद्धतीचे सारे मर्म वेगात आहे आणि माझ्या मते तिचा सारा नैतिक प्रश्नही वेगातच आहे. आठशे फुटांवरून घिरट्या घालणाऱ्या माणसाला खाली काय दिसते? चेहरा दिसत नाही. वय दिसत नाही. हातातली वस्तू काठी आहे की बंदूक, हे झाडांच्या सावलीत कळत नाही. दिसते ती हालचाल. थांबलेला माणूस झाडीत मिसळून जातो, धावणारा दिसतो. म्हणजे त्या तोफेपुढे गुन्ह्याचा पुरावा एकच उरतो, तो धावणे. आता विचारावेसे वाटते, की डोक्यावर असे यंत्र गरगरू लागल्यावर न धावणारा माणूस कसा असेल? दोषी धावेल, हे खरे. पण शेळ्या राखणारे पोर धावेल, न्याहारी घेऊन निघालेली बाई धावेल, आणि आपण काहीच केलेले नाही हे पक्के ठाऊक असलेला माणूस कदाचित सर्वांत जोरात धावेल. कारण त्याला लपायची सवय नसते. तेथील बंडखोरांची गावागावांतील बातमी आणणारी पोरे असत, त्यांना ‘मुजिबा’ म्हणत. दहा-बारा वर्षांपासून पुढची ही मुले. काही खरोखर बातम्या पोचवीत, काही नुसतीच गुरे राखीत, आणि पुष्कळशी दोन्ही कामे करीत. वरून हा भेद कसा करायचा?

ऱ्होडेशियाच्या सरकारने तो करण्याचा प्रयत्न सोडून दिला. हे मी उगाच म्हणत नाही. कागदावर तसे आहे, आणि आयुष्यभर कागद वाचल्यामुळे असेल, पण मला तोफेपेक्षा त्या कागदांनी अधिक अस्वस्थ केले. १९७५ साली तेथे एक कायदा झाला. बंड मोडण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल सरकारी माणसावर खटला चालणार नाही, असे त्याने ठरवून टाकले, आणि तोही मागील तारखेपासून. ग्रामीण मुलखात संचारबंदी असे व ती मोडणाऱ्यावर थेट गोळी झाडण्याची मुभा असे. सरकारी निवेदनांत मेलेल्या गावकऱ्यांची वर्गवारी ठरून गेलेली होती: संचारबंदी मोडणारे, दहशतवाद्यांचे साथीदार, दोन्हींकडच्या गोळीबारात सापडलेले. तेथील कॅथलिक न्याय व शांतता आयोगाने या मृत्यूंच्या नोंदी ठेवल्या, म्हणून आज आपल्याला त्या कळतात. सरकारच्या दप्तरात मेलेला माणूस आणि त्याच्या मरणाचे कारण एकाच वेळी जन्माला येत होते. मेला, म्हणजे तो दहशतवादी असलाच पाहिजे! नोव्हेंबर १९७७मध्ये हीच पद्धत सीमा ओलांडून मोझांबिकमधील चिमोयो येथील बंडखोरांच्या विशाल तळावर वापरली गेली, तेव्हा एक हजाराहून अधिक माणसे मारली गेली. तो लष्करी तळ होता यात संशय नाही. पण तेथे दवाखाना होता, शाळा होती, बायका-मुले होती, यातही संशय नाही.

येथे दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. बंडखोर काही संतसज्जन नव्हते. ‘फितूर’ ठरवलेल्या गावकऱ्यांचे त्यांनी जे हाल केले, ते वाचवत नाहीत. सप्टेंबर १९७८मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १९७९मध्ये त्यांनी प्रवासी विमाने क्षेपणास्त्राने पाडली. पहिल्या वेळी जमिनीवर जिवंत पोचलेल्या प्रवाशांपैकी काहींना त्यांनी गोळ्या घातल्या. जमिनीवरून, अगदी चेहरा पाहून. तेव्हा चेहरा दिसला म्हणजे माणूस दयाळू होतो, असा भाबडा सिद्धांत मला मांडायचा नाही. आम्हा पांढुर्णेकरांना तर तो मांडताच येणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर जी गोटमार करतात, तीत दगड मारणारा आणि खाणारा एकमेकांना नावानिशी ओळखतात, पुष्कळदा सोयरेही असतात. तरी डोकी फुटतात, डोळे जातात, आजवर जीवही गेले आहेत. फरक एवढाच, की तेथे मारणाऱ्याला लागण्याचीही शक्यता असते, आणि लागलेल्याला कोणी मारले हे सबंध गावाला माहीत असते.

ऱ्होडेशियाविषयी बोलताना लोक एक सोपा युक्तिवाद करतात. प्रत्येक चकमक जिंकूनही ते सरकार युद्ध हरलेच. डिसेंबर १९७९मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये त्याला करार करावा लागला आणि १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे जन्माला आला. तेव्हा ही पद्धत निष्फळ होती, म्हणून ती वाईट. हा युक्तिवाद मला पटत नाही. तो खोटा आहे म्हणून नव्हे, तर फार स्वस्त आहे म्हणून. कारण उद्या कोणी दाखवून दिले की अमुक ठिकाणी अशीच पद्धत सफळ झाली, तर मग काय म्हणायचे? चांगली? नीतीचा प्रश्न जेथे उपाय फसतो तेथे विचारण्यात फारसे काही नाही. जेथे उपाय लागू पडतो तेथे तो विचारला पाहिजे. आणि असे ठिकाण शोधायला आपल्याला आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. आमच्या नागपूरच्या पलीकडे, वैनगंगेपार गडचिरोली आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चांदा जिल्हा तोडून गडचिरोली जिल्हा झाला, त्याच सुमारास आंध्रातून नक्षलवादी दलमांनी त्या जंगलांत बस्तान बसवले. १९९० साली जिल्हा पोलिसांनी स्थानिक तरुणांचे ‘सी-६०’ हे पथक उभे केले. गोंडी, माडिया बोलणारी, रानवाटा ठाऊक असलेली ही मुले होती. २००९ या एका वर्षात मरकेगावला पंधरा, हत्तीगोट्याला सोळा आणि लाहेरीला सतरा पोलीस मारले गेले, ते बहुतेकांच्या स्मरणात असेल. नक्षलवाद्यांनी ‘खबऱ्या’ ठरवून मारलेल्या आदिवासी गावकऱ्यांची संख्या तर शेकड्यांत जाते. पुढे पारडे फिरले. एप्रिल २०१८मध्ये बोरिया-कसनासूर आणि लगतच्या चकमकीत दोन दिवसांत चाळीस, नोव्हेंबर २०२१मध्ये मर्दिनटोल्याला सव्वीस नक्षलवादी मारले गेले; आणि ऑक्टोबर २०२५मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या सर्वांत ज्येष्ठ नेत्यांपैकी एकाने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. म्हणजे येथे राज्य जिंकले, असेच म्हणावे लागेल.

ही लढाई जिंकताना भारतीय राज्याने एक गोष्ट केली नाही, आणि तिची नोंद आपण फारशी घेत नाही. हेलिकॉप्टर येथेही होते. जवानांना नेणे, जखमींना नागपूरच्या इस्पितळात पोचवणे, मतदान पथके व यंत्रे पोचवणे, यासाठी ते सतत उडत राहिले. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो; तेव्हा अडलेल्या गरोदर बायका त्याच यंत्रातून आणल्या गेल्या आहेत. पण आकाशातून मारा करण्याची पद्धत येथे पत्करली गेली नाही. असे का, हे समजण्यासाठी मार्च १९६६मध्ये जावे लागते. मिझो बंडखोरांनी ऐजॉल वेढले असताना हवाई दलाच्या विमानांनी त्या गावावर बाँब टाकले. स्वतःच्या नागरिकांच्या गावावर भारताने केलेला तो एकमेव हवाई हल्ला. मिझोरामचा करार त्यानंतर वीस वर्षांनी, १९८६मध्ये झाला. बंडखोरांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. पण ऐजॉलच्या लोकांनी ते बाँब अद्याप विसरलेले नाहीत.

१४ नोव्हेंबर २००८ रोजी बिजापूर जिल्ह्यात मतदान पथके आणायला गेलेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन त्यातील सार्जंट मुस्तफा अली मृत्युमुखी पडले. त्यानंतर हवाई दलाने परवानगी मागितली, ती स्वसंरक्षणापुरत्या प्रत्युत्तराची. एप्रिल २०१०मध्ये ताडमेटल्याला शहात्तर जवान मारले गेले, आणि सारा देश सूडाच्या भाषेत बोलू लागला. तेव्हा हवाई दलाचे प्रमुख होते प्रदीप वसंत नाईक, साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. त्यांनी सांगितले, की लष्कराची शस्त्रे सीमेपलीकडच्या शत्रूसाठी असतात, बेताने मारण्याचे शिक्षण सैन्याला दिलेले नसते, म्हणून असल्या कामी हवाई दल वापरावे या मताचे आपण नाही. ज्याच्या हाती शस्त्र, त्यानेच ते न वापरण्याचा सल्ला दिला. मला या निवेदनाचे मोल फार मोठे वाटते.

पण हे असे लिहिणे मला सोपे आहे, कारण मी सौंसरच्या घराच्या ओसरीवर बसून लिहितो. माझ्या आतेभावाचा जावई गडचिरोलीत पोलीस शिपाई आहे. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक जागीच गेले, त्यानंतर काही महिन्यांनी एका लग्नात तो भेटला. त्या पंधरांतील काही त्याचे सोबती होते. माझे हे आकाश-जमिनीचे तत्त्वज्ञान त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, वरून माणूस दिसत नाही म्हनता तुम्ही, खरं असन. पन खाली चालणाऱ्याले सुरुंग तरी कुठं दिसते?”

त्याला उत्तर देणे मला जमले नाही. आजही पुरते जमते असे नाही. राज्याने आपल्या शिपायाला विनाकारण मरू देणे, हेही अनीतीचेच आहे. नीतीचा सगळा भार पंचवीस वर्षांच्या पोराच्या पायांवर टाकून आपण ओसरीवर शुद्ध राहावे, हे काही बरे नव्हे. त्याला हेलिकॉप्टरने नेऊन उतरवावे, सुरुंगाचा रस्ता टाळावा, जखमी झाला तर तासाभरात उचलून आणावे. यात मला काडीचाही आक्षेप दिसत नाही. माझा आक्षेप एका ठिकाणी आहे. नेऊन उतरवणे वेगळे आणि वरूनच निकाल लावणे वेगळे. उतरलेला माणूस हाक देऊ शकतो, हात वर करायला सांगू शकतो, शरण आलेल्याला धरू शकतो. वरच्याला कोणाला अटक करता येत नाही. त्याच्यापाशी मारणे किंवा सोडणे असे दोनच पर्याय उरतात. ज्या यंत्रात अटक करण्याची सोयच नाही, ते यंत्र आपल्या नागरिकांवर वापरणे म्हणजे खटल्याचा निकाल खटल्यापूर्वीच लिहून ठेवणे होय. आता तर ड्रोन आले आहेत. तेथे पाहणारा त्या आकाशातही नसतो. गडचिरोलीत ते टेहळणीसाठी उडतात, तोवर ठीक.

तथापि, सगळा दोष उंचीवर ढकलून आपली सुटका होत नाही. २०१२च्या जूनमध्ये बिजापूर जिल्ह्यातील सारकेगुड्याला रात्री जमलेल्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन सतरा जण मेले. तेथे हेलिकॉप्टर नव्हते. पायी चालत गेलेली फौज होती. आपल्याच मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या आयोगाचा अहवाल २०१९च्या अखेरीस बाहेर आला. मेलेले नक्षलवादी होते असा पुरावा नाही, हा त्याचा निष्कर्ष. गोळीबार एका रात्रीचा आणि चौकशी सात वर्षांची! बोरिया-कसनासूरच्या मृतांत गट्टेपल्ली गावातील आठ तरुण-तरुणी होत्या. ते नुकतेच दलमात भरती झालेले होते, असे पोलिसांचे म्हणणे. ते लग्नाला निघाले होते, असे घरच्यांचे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४मध्ये पोलीस चकमकीतील प्रत्येक मृत्यूची दंडाधिकाऱ्याकडून चौकशी अनिवार्य केली, ती अशाच प्रश्नांसाठी. ऱ्होडेशियाने चौकशीच कायद्याने बंद केली होती, आपण ती कायद्याने सक्तीची केली. हा भेद लहान नाही. पण कागदावरची चौकशी आणि खरी चौकशी यांत किती अंतर असते, हे माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्याने सांगायला नको.

दशरथाची गोष्ट आपण लहानपणी श्रावणबाळाची गोष्ट म्हणून ऐकतो. मातृपितृभक्तीचा धडा म्हणून. निवृत्तीनंतर मी ती पुन्हा वाचली, तेव्हा ती मला दशरथाची वाटली. तरुण राजपुत्र, शब्दवेधात निष्णात. शरयूच्या काठी अंधारात घागर बुडताना आवाज झाला आणि त्याने तो हत्तीचा मानला. नेम चुकला नाही. बाण जेथे जायला हवा तेथेच गेला. त्याची विद्या शंभर टक्के यशस्वी झाली, आणि तरी ते कृत्य घोर होते. कारण त्याने खुणेवर बाण सोडला, प्राण्यावर नव्हे. आवाज म्हणजे हत्ती, धावणे म्हणजे दहशतवादी, झाडीकडे नेलेली टोपली म्हणजे फितुरी. परंतु मला त्या गोष्टीत याहून मोठे वाटते ते पुढचे. दशरथाने बाणामागोमाग स्वतः जाऊन पाहिले. अंधारात सहज परत फिरता आले असते. राजपुत्राला कोण विचारणार होते? तो खाली उतरला, मरणाऱ्याचे बोलणे ऐकले, घागर भरली, आणि त्या आंधळ्या आईबापांपुढे जाऊन, मी मारले, असे म्हणाला. नंतर मात्र हे सारे त्याने मनात दाबून ठेवले. रामाला वनात पाठवल्यावर, मरणाच्या रात्री, कौसल्येला सांगितले.

मला आता जे सांगायचे आहे तेही असेच बरीच वर्षे दाबून ठेवलेले आहे. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतील गोष्ट. एका गावच्या जत्रेत दोन गटांत दंगल झाली होती आणि कार्यपालिक दंडाधिकारी म्हणून बंदोबस्तावर मी होतो. गावाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. सगळे नीट दिसावे म्हणून मी एका दुमजली घराच्या गच्चीवर उभा होतो. जमाव पांगू लागला होता. तेवढ्यात पांढरी बनियन घातलेला एक जण लोकांच्या उलट दिशेने, दंगलीच्या जागेकडे, धावताना मला दिसला. हाच चिथावणारा असणार, असे माझ्या मनाने घेतले. मी बोट केले आणि ओरडलो, “तो पाहा, त्याला धरा.” खालच्यांनी त्याला धरले. धरताना काठी बसली आणि त्याचा उजवा हात कोपराजवळ मोडला. तो सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याची आजी गर्दीत मागे राहिली होती, तिला आणायला तो निघाला होता.

माझा आदेश अधिकारात होता. परिस्थिती तणावाची होती, निर्णय तत्काळ घ्यावा लागला, असे मी अहवालात लिहिले आणि ते अक्षरशः खरे होते. मला कोणी जाब विचारला नाही. काठी ज्याने मारली त्या शिपायालाही मी दोष देणार नाही. त्याने मारले, पण दाखवले मी. गच्चीची उंची असून असून किती असणार? वीस-बावीस फूट. आठशे फूट नव्हेत. तरीही तेथून मला तो मुलगा दिसला नाही, त्याचे धावणे तेवढे दिसले.

दुसऱ्या दिवशी त्याचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव माझ्यापुढच्या कागदावर होते. गाव तहसिलीपासून अकरा किलोमीटर. जीप दारात उभी होती. त्या गावी मी पुढे दोनदा गेलो, एकदा गारपिटीच्या पंचनाम्याला आणि एकदा मतदार यादीच्या कामासाठी. दोन्ही वेळा पटवाऱ्याच्या घरी चहा घेऊन परत आलो.